अकरा हजार वर्षांचं पाणी

चैत्रातली भर दुपार. नगरच्या पठारावर उन्हाचं पांढरं, निष्करुण राज्य. काळ्या कातळावर प्रकाश कोसळतो आहे, आणि कातळ तो सगळा प्रकाश पिऊन काळाच्या काळा उरतो आहे.

क्षितिजापर्यंत तपकिरी माळ. माळावर बोरी-बाभळींची खुरटी, काटेकंगाल झाडं. त्यांच्या सावल्या त्यांच्याच पायांशी गोळा होऊन निजलेल्या. आणि या तप्त, तृषार्त विस्ताराच्या मधोमध चुन्यानं पांढरंफेक केलेलं खडकमाळचं चर्च. कौलारू, बुटकं, मिशनच्या काळातलं.

आज उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे. आज घंटा मुकी. आज क्रूसावर काळं वस्त्र. आज बारा ते तीन प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात शब्दांची भक्ती. सात शब्दांवर सात माणसं बोलणार, आणि तीन वाजेपर्यंत मंडळीत कुणाच्या ओठाला पाण्याचा थेंब नाही.

आणि बाहेर, चर्चच्या भिंतीला लागून, पाणी वाहतं आहे.

मनगटाएवढ्या जाड धारेनं वाहतं आहे. रुपेरी, निःशंक, निष्काळजी. हौदात कोसळतं, हौदावरून ओसंडतं, ओढ्यात उतरतं. ओढ्याची वाळू ते पिते. वाळूनं सोडलेलं ऊन पितं. आतले कोरडे घसे तो आवाज ऐकत बसलेत.

चौदा महिने असंच. चौदा महिन्यांपूर्वी दीनाआत्यानं पाण्यासाठी उपास धरला होता. सत्तरी उलटलेली, काडीकाटक, पांढऱ्या लुगड्यातली दीनाआत्या एकवीस दिवस लिंबूपाण्यावर आणि गुडघ्यांवर होती. एकविसाव्या दिवशी बोअरच्या यंत्रानं सहाशे फुटांवर कातळ फोडला, आणि पाण्याचा धवल स्तंभ आभाळात उभा राहिला. बाया रडल्या. बाप्यांनी टोप्या काढल्या. त्याच ओल्या चिखलात उभं राहून मंडळीनं ठराव केला, की हे पाणी बंद करायचं नाही. देवानं उघडलेलं माणसानं झाकायचं नाही. पंपाचा खटका दाबणं म्हणजे अविश्वास दाखवणं. पंप सूर्यावर चालणारा. सूर्य उगवला की पाणी उगवतं, सूर्य मावळला की मावळतं. संपलं तर, असं कुणी विचारलं की उत्तर तयार: दुष्काळात संदेष्ट्याला भाकर देणाऱ्या विधवेच्या कुपीतलं तेल संपलं होतं का?

मूर्खपणा? हो, मूर्खपणाच. पण फवाऱ्याखाली अर्धा तास गाणी म्हणणाऱ्या शहरानं याला हसू नये.

चर्चच्या खालच्या अंगाला भिल्लवस्ती आहे. तिथला हापसा दिवाळीत कोरडं खोकू लागला आणि शिमग्याच्या आत मेला. आता तिथल्या बाया हंडे घेऊन चढण चढतात, आणि मंडळी त्यांना प्रेमानं सांगते, या, भरा, आमच्या देवाचं पाणी आहे. त्यांच्याच पायांखालून ओढलेलं पाणी त्यांच्याच हंड्यात दान! पुण्य इतकं आंधळं झालं, की त्याचा हात धरून त्याला उंबऱ्याशी थांबवावं लागतं.

कुणी थांबवायचं?

खिडकीजवळ, ‘मला तहान लागली आहे’ या पाचव्या शब्दाचा कागद मांडीवर घेऊन, डॉ. सुवार्ता अमोलिक बसली होती. वय त्रेपन्न. जमिनीखालच्या पाण्याची अभ्यासक. दीनाआत्याची भाची, आई गेल्यावर याच आत्याच्या ताटात जेवून, याच चर्चच्या जाजमावर मुळाक्षरं गिरवून पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत पोचलेली.

आणि थकलेली. पायांनी नव्हे, झोपेनं नव्हे. समजावून सांगण्यानं थकलेली.

नाताळात ती आली तेव्हा तिनं या पाण्याचे कॅन भरून नेले होते. पाण्यात विरघळलेला किरणोत्सारी कार्बन ठरल्या गतीनं विझत जातो. किती विझला ते मोजलं, की तो पाऊस जमिनीत कधी मुरला ते कळतं. जानेवारीतल्या एका निळसर, थंड सकाळी कागदावर आकडा आला. अकरा हजार वर्षं.

अकरा हजार वर्षं! तो पाऊस पडला तेव्हा या माळावर नांगर नव्हता. गाव नव्हतं, गावाला शीव नव्हती, आणि शिवेबाहेर माणसं ठेवायची रीतही नव्हती. तेव्हाचं ते मेघजल, कातळाच्या केसाएवढ्या भेगांतून थेंब थेंब उतरत, अंधारात, अनामिक, अस्पर्श, वाट पाहत राहिलं होतं. वरून नवं पाणी त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. चौदा महिन्यांत त्याची पातळी नव्वद फूट खाली गेली होती. असंच चाललं, तर दोन उन्हाळे. मग धूळ.

त्या सकाळी सुवार्तानं कागदावर हात ठेवला आणि डोळे मिटले. स्तुती आपोआप ओठांवर आली. शेजारच्या टेबलावरून करंदीकर म्हणाला होता,

"काय मॅडम, पाणी अकरा हजार वर्षांचं, आणि तुमच्या बायबलातलं जग सहा हजारांचं. म्हणजे पाऊस आधी पडला आणि आभाळ मागून आलं का?"

"करंदीकर, परवा सत्यनारायणाला रजा कुणी टाकली होती?"

"ते वेगळं हो."

"हो. तुमचं ते नेहमी वेगळंच असतं."

सगळे हसले. तीही हसली. हसणं हाही आता कामाचाच भाग झाला होता.

तीस वर्षं हेच. प्रयोगशाळेत डबा उघडताना तिनं प्रार्थनेला मान लववली की कुणीतरी खाकरायचं. गावी तिनं पृथ्वीचं वय सांगितलं की कुणीतरी तिच्यासाठी प्रार्थना सुरू करायचं. परिसंवादवाले तिला मंचावर बसवून विचारायचे, तुम्ही दोन्हींचा मेळ कसा घालता? जणू तिच्या पोटात दोन मांजरं कोंडली आहेत. अरे, तिच्या आत भांडण नव्हतंच कधी! जो कातळ ती मोजत होती, त्याच्याच कर्त्यापुढे ती गुडघे टेकत होती. मोजणं हीच तिची गुडघे टेकायची पद्धत होती. भांडण होतं ते तिच्या दोन्ही बाजूंना. दोघांनाही तिच्याकडून एकच हवं होतं. अर्धी हो, म्हणजे आमची होशील.

आज सकाळी पाळकसाहेब मकासऱ्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं होतं. भले गृहस्थ. झिजलेला पांढरा झगा, झिजलेला आवाज.

"ताई, तहानेचा शब्द मुद्दाम तुमच्यासाठी ठेवला. पाण्याविषयी बोला. देवानं दिलं म्हणा, जपून वापरा म्हणा. आकडा तेवढा सांगू नका."

"आकड्याशिवाय कुणी खटका दाबणार नाही, साहेब. जपून वापरा हे मी नाताळात सांगितलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि पाणी ओढ्यात."

"अहो, पलीकडच्या मैदानात दुसऱ्या प्रचारकांचा तंबू पडलाय. ढोल, दिवे, रोज चमत्कार. अर्धी मंडळी तिकडं गेली. उरलेल्यांना तुम्ही अकरा हजार ऐकवलं, की ते म्हणणार, मग शास्त्राच्या पहिल्या पानावरचे सृष्टीचे सहा दिवस खोटे. ते माझ्याकडं येणार. मी काय सांगू?"

"त्यांना सांगा, देवाला घाई नव्हती."

पाळकसाहेब क्षणभर हसले. मग पुन्हा चिंतेत बुडाले. "आणि तुमची आत्या? तिच्या उपासाचं पाणी आहे ते. या वयात तिचा देव काढून घेणार का?"

तिथं सुवार्तानं नजर ओढ्याकडे वळवली.

कारण त्याआधी, तिची वेणी घालताना, आत्या म्हणाली होती, "सुवार्ते, तुज्या शब्दात माज्या पान्याचं नाव घेशील ना गं? उगं चारचौघांत नको म्हनू दीनानं काढलं. देवानं काढलं म्हन. पन घे."

पहिला शब्द झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला एक म्हातारे शिक्षक रडले. चौथ्या शब्दाला छताचे पत्रे, कौलांखाली नव्यानं ठोकलेले, उन्हानं तडतडले. घामानं, उपासानं, दुःखानं चर्च मंद झालं होतं. पुढच्या जाजमावर, हात मांडीत घेऊन, दीनाआत्या ताठ बसली होती. आणि तिचे सुकलेले ओठ हलत होते.

पाचवा शब्द. सुवार्ता उठली.

कागद तिनं घडी घालून पर्समध्ये टाकला. खिडकीतून धार ऐकू येत होती. ती धार थांबेल म्हणून काही क्षण ती खुळ्यासारखी वाट पाहत राहिली.

"आपण सगळे तहानलेले आहोत," ती म्हणाली. "आणि सगळ्यांना तो आवाज ऐकू येतो आहे. बाहेरचं ते पाणी देवानं दिलं. दीनाआत्याच्या उपासाला दिलं. हे मी मानते. प्रयोगशाळेत मानते आणि इथंही मानते. पण ते त्या दिवशी बनवलेलं पाणी नाही. मी ते मोजलंय. तो पाऊस अकरा हजार वर्षांपूर्वी पडला."

मग मागून एक जाड आवाज आला, "मग सहा दिवस खोटे का, ताई?"

"नाहीत, दादा. पण तुमच्या घड्याळाचे नाहीत."

"घड्याळाचे नाहीत म्हणे!" मागच्या रांगेतून चपला शोधायची खुडबुड ऐकू आली. एक कुटुंब उठलं. मग दुसरं. मग तिसरं. दारातून जाताना त्यांच्या अंगावर पांढरं ऊन पडलं आणि ती दिसेनाशी झाली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

तिला बसावंसं वाटलं. तिथंच, जाजमावर, सगळ्यांकडे पाठ करून. तरी ती बोलली. सपाट, शुष्क, सावकाश बोलली. "वरून नवं पाणी तिथवर पोचत नाही. नव्वद फूट उतरलंय. भिल्लवस्तीचा हापसा आपल्यामुळं मेला. दोन उन्हाळे उरलेत. माझा शब्द संपला."

"सुवार्ते."

आत्या. बसल्या जागेवरूनच.

भक्तीत मधेच कुणी बोलत नाही. आत्या बोलत होती.

"अकरा हजार म्हनलीस?"

"हो, आत्या."

"मोजलंस? नीट?"

"तीनदा मोजलं."

सुवार्ता त्या सुरकुतलेल्या, सूर्यदग्ध चेहऱ्याकडे पाहत होती. आता इथं काहीतरी कोसळेल. ज्या भिंतीला टेकून आपण मोठ्या झालो ती आपल्याच हातानं पडेल.

भिंत पडली नाही. भिंतीमागून काहीतरी अफाट आत आलं.

"येवढ्या वर्सांपासून ठिवलेलं," आत्या म्हणाली. अगदी हळू. लेकराच्या झोपेपाशी बोलावं तसं. "आपल्यासाटी. आपन नव्हतोच तवा. आपला बाप नव्हता, बापाचा बाप नव्हता. तवापासून त्यानं अंधारात धरून ठिवलं..." तिचा आवाज चिरला. "आन् म्या चौदा म्हैने नाल्यात सोडलं!"

आत्याच्या मनात सहा दिवसांचा प्रश्न उगवलाच नव्हता. आकडा तिनं एका घोटात स्वीकारला होता, आणि तो आकडा तिच्या देवाला लहान करण्याऐवजी तिलाच जाळत होता. तीस वर्षांच्या परिसंवादांत सुवार्तानं ही शक्यता कधी मांडली नव्हती.

आत्या उठू लागली. एक हात जमिनीला, एक गुडघ्याला.

"आत्या, भक्ती चाललीय," कुणी कुजबुजलं.

"माजी बी चाललीच हाय."

ती दाराबाहेर गेली. पांढऱ्या उन्हात पांढरं लुगडं. हौदापाशी भिल्लवस्तीची एक तरणी बाई हंडा भरत होती. आत्याला पाहून ती बिचकून मागं सरकली.

"भर, माय. आधी तुजा भर," आत्या म्हणाली. हंडा गळ्यापर्यंत भरेस्तोवर ती थांबली. मग दोन्ही हातांनी तो त्या बाईच्या डोक्यावर चढवला. स्वतःच्या ओठांना तिनं ओला हातही लावला नाही.

मग ती पंपाच्या पेटीकडे वळली. खटका कसा दाबतात तिला ठाऊक नव्हतं. चौदा महिन्यांत कुणी दाबलाच नव्हता. तिनं तो एकदा चाचपला, दुसऱ्यांदा अंगठ्यानं रेटला.

धार बारीक झाली. धागा झाली. थेंब झाली.

आत, चर्चमध्ये, सहाव्या शब्दाचा माणूस उभा राहिला होता आणि त्याला सुरुवात करवत नव्हती. इतकी शांतता या भिंतींनी कधी ऐकली नव्हती. पाळकसाहेबांनी डोळे उघडले आणि रिकाम्या मागच्या रांगेकडे पाहिलं, मग खिडकीकडे. सुवार्ता आपल्या जागी येऊन बसली होती. तिनं डोकं भिंतीला टेकलं होतं. तिला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. उद्या मंडळीचे पंच बसतील, बोलावणं येईल, पुण्यात करंदीकर विचारेल. पण आत्ता, या घटकेला, कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं.

आणि खिडकीबाहेर, रणरणत्या, निर्वात, निळ्याभोर दुपारी, एक म्हातारी कातळावर बसली होती. तिनं आपला तळहात त्या काळ्या, तापलेल्या दगडावर ठेवला होता. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा, तसा. हात भाजत होता. तिनं उचलला नाही. आणि त्या हाताखाली, सहाशे फूट खाली, जिथं ऊन नाही, वर्षं नाहीत, शब्द नाहीत, तिथं ते पुरातन, प्रशांत पाणी हलायचं थांबत होतं. हळूहळू, हळूहळू, थांबत होतं.