चोळपुरम्‌ची ट्रायम्फ

"वस्तू दाखव, पण हात दाखवूं नको," अप्पाजींनी उंबऱ्यात बसल्या बसल्या सुनेला सांगितले. "वस्तू दाखवली तर वस्तू जाते. हात दाखवले तर माणूस जातो."

"आतां अवघे असेंच करतात, मामंजी," नंदिता म्हणाली, आणि तिने मोबाइलचा कॅमेरा नवऱ्याच्या बोटांच्या आणखी जवळ नेला.

सेतू मेणात अक्षर कोरत होता. जुन्या मोटारींच्या नाकावर कंपनीच्या नावाचे जे धातूचे चिन्ह असते, गाडीवेडे लोक ज्याला बॅज म्हणतात, ते तो करायचा. तमिळ मुलखात केव्हाच रुजलेल्या या मराठी घराचे कुंभकोणमच्या भांडेबाजारातले पितळेचे दुकान आधी स्टीलने खाल्ले, उरलेसुरले प्लास्टिकने. पोरवयात तो स्वामिमलैला एका मूर्तिकाराकडे ओतकाम शिकला होता. मूर्ती पुरी करण्याइतका धीर त्याच्यापाशी नव्हता, अक्षरांत मात्र हात असा बसला की बघत राहावे. मेणाचा नमुना, त्यावर कावेरीच्या गाळाचे लिंपण, मग भट्टी. मेण वितळून जाते आणि त्याच्या जागी धातू येऊन बसतो. देव असाच होतो, बॅजही असाच होतो.

धंदा मात्र नंदिताने उभा केला. ती फिजिक्सची पदवीधर. शरण्या झाल्यावर शाळेतली नोकरी सुटली, तेव्हा घरातली हुशारी अशी वाया जाऊ द्यायची नाही म्हणून तिने इंटरनेटवर पान उघडले, 'शरण्या कास्टिंग्ज' असे नाव दिले, आणि प्रत्येक बॅजच्या पाठीवर बारीक अक्षरांत पोरीचे नाव घालायचे ठरवले. पुढून गिऱ्हाइकाच्या गाडीचे नाव, मागून आपल्या लेकीचे. सेतूलाही ते फार आवडले होते.

सेतूच्या हातांची ती चित्रफीत पुष्कळ लोकांनी पाहिली. त्यातला एक पुण्याचा हेमंत. जुन्या गाड्या दुरुस्त करून शर्यतीला उतरवणारा, पन्नाशीला आलेला, मोठ्याने हसणारा माणूस. त्याने पत्र नाही, फोन नाही, सरळ येऊन दारात उभे राहून विचारले, "ते हात कुणाचे?"

सेतूने दोन्ही हात पुढे केले. लहान मुलाने शाळेत नखे दाखवावीत तसे.

हेमंत आला होता एका मोटारीसाठी. जवळच्याच चोळपुरम्‌च्या एका बंद भातगिरणीत मद्रासला बनलेली जुनी स्टँडर्ड हेराल्ड गाडी वर्षानुवर्षे कोंड्यात पडून होती. ती त्याने विकत घेतली, ओढत आणली, आणि सेतूच्या मागच्या अंगणात उभी केली. नंदिताची कपडे वाळवायची दोरी त्यासाठी सोडावी लागली.

पहिल्या दिवशी ओटीवर सगळे जेवायला बसले. उडदाच्या डांगराची दह्यातली पचडी पाहून हेमंत खूश झाला. "अरे, हे तर आमचं डांगर. आणि काय बोलता हो तुम्ही लोक. माझी पणजी असं बोलायची म्हणे."

"आणखी वाढ," सेतूने नंदिताला सांगितले. पणजी म्हटल्याचा त्याला आनंदच झालेला दिसला. नंदिताला नाही झाला. ती एकोणतीस वर्षांची होती.

अप्पाजी गाडीकडे बघत होते. हेमंतने तिच्या नाकावरचे 'स्टँडर्ड' नाव आधीच उचकटून काढले होते. "हिचें नाव कां काढिलें?" त्यांनी विचारले. "आमच्या डॉक्टरांची अशीच होती. गांव तिला स्टँडर्ड म्हणूनच ओळखे."

"आजोबा, इंग्लंडात हीच गाडी ट्रायम्फ. साचा एकच. मद्रासच्या कारखान्यातून निघाली म्हणून हिला स्टँडर्ड म्हणायचं."

"मग तेंच असूं द्या."

"रॅलीत स्टँडर्डला कोण विचारतं? खरं तर पंचावन्न साली तिकडची मोठी रॅली स्टँडर्डनेच मारली होती. पण पुढे तिकडच्या लोकांना ते नाव ऐकून साधीसुधी गाडी वाटायला लागली. कंपनीनेच नाव टाकून दिलं आणि ट्रायम्फ पुढे केलं. मिनीचंही तसंच. एकच गाडी, कुणी ऑस्टिन म्हणून घ्यायचं, कुणी मॉरिस म्हणून. रॅली जिंकली की दोन्ही दुकानदार म्हणायचे, आमची जिंकली."

"आणि हरली तर?" नंदिताने विचारले.

"हरली तर मेकॅनिकची, वहिनी."

सेतू इतका हसला की त्याला ठसका लागला. नंदिताने पाण्याचा पेला पुढे सरकवला. तो हेमंतने उचलून सेतूच्या हातात दिला. एवढीशी गोष्ट. तिने ती लक्षात ठेवली.

हेमंत पुण्याला जायचा आणि परत यायचा. गाडी अंगणातच होती. सेतू सकाळी उठला की आधी तिच्याकडे जायचा, हातात कॉफीचा पेला तसाच. हेमंतचा फोन आला की भट्टीजवळून उठून बाहेर यायचा. पूर्वी भट्टीवरून त्याला कुणी उठवू शकत नसे. शरण्याला ताप असतानाही नंदिताला दाराशी उभे राहून वाट बघावी लागली होती.

मग त्याची जीभ बदलली. 'पुरें' जाऊन 'बस झालं' आले, 'बरें आहे' जाऊन 'भारी' आले. शरण्याने ते लगेच उचलले. दहीभात भरवताना एकदा ती म्हणाली, "भारी आहे," आणि आतून सेतू आनंदाने ओरडला, "शाब्बास गं." नंदिताने घास खाली ठेवला. गल्लीत तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, असे या घराचे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. उंबऱ्याच्या आत तिसरे कुणी येईल असे तिला कधी वाटलेच नव्हते, आणि तेही मराठीच बोलत येईल असे तर नाहीच.

हेमंतने फोनवर कुणाला तरी सेतूची ओळख करून दिली, तीही तिने ऐकली. "आपला तंजावरचा माणूस आहे." आपला. तिने हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत नेला आणि दिवसभर मसाल्यासारखा वाटत बसली.

साक्कोट्टैची तिची मैत्रीण कामाक्षी आली, तिने सगळे ऐकून घेतले आणि तमिळमध्ये म्हणाली, "अगं, बाई असती तर वेणी धरून ओढता आली असती. हिला धरायचं कुठे, बॉनेटला?"

"दुःख गाडीचें नव्हे."

"मग त्या पुणेकराचं? त्याचे तर केसही गेलेत."

नंदिता हसली, आणि हसता हसताच उठून अंगणात गेली. धातू उजळायच्या आम्लाची बरणी हा तिच्या जिवाला कायमचा घोर होता. सेतू काम संपवून आत आला की न विचारता सांगायचा, "बरणी वर ठेविली." कितीतरी दिवसांत त्याने ते सांगितले नव्हते. आणि बरणी खाली होती. झाकण बाजूला. गाडीच्या चाकाशी शरण्या बसली होती, तिच्या आणि बरणीच्या मध्ये एक हात अंतर. नंदिताने पोरीला उचलले, बरणी फळीवर ठेवली, मग ती सेतूसमोर जाऊन उभी राहिली.

"काय झालं?" त्याने विचारले.

"बरणी खालीं होती."

"पण झालं तर काही नाही ना?"

तो खोटे बोलत नव्हता, उडवूनही लावत नव्हता. त्याचे लक्ष फक्त दुसरीकडे होते. तिथे मेणात 'ट्रायम्फ'मधले शेवटचे अक्षर अर्धे झाले होते.

ओतायचा दिवस आला. स्वामिमलैला मूर्ती ओतताना तिथल्या रिवाजाप्रमाणे करवून घेणारा माणूस कणभर सोने रसात टाकतो; घरात ओतणी असेल तर घरची बाई आपल्या हाताने टाकते. गाडीच्या बॅजसाठी हे कुणी केलेले नंदिताने ऐकले नव्हते. सेतूनेही आजवर कधी केले नव्हते. दुपारी भट्टी धगधगत असताना तो आत आला.

"शरण्याची तुटकी वाळी आहे ना? कानांतली? तांदळाच्या कणीएवढें सोनें पाहिजे. तूं ये आणि टाक."

बऱ्याच दिवसांनी तो घरच्या बोलीत बोलत होता. म्हणूनच तिला अधिक लागले.

"मोटारीस?"

"मोटारीस नव्हे. कामास."

"तुम्ही आजवर इतकीं कामें केलीं. एकासही सोनें मागितलें नाही."

"असें काम आजवर आलें नाही, नंदिता."

"असें काम, कीं असा माणूस?"

बाहेर भट्टीचा पंखा घुमत होता.

"पोरीच्या कानांतलें सोनें मी त्याच्या गाडीच्या नाकावर लावणार नाही," ती म्हणाली.

"बरें," म्हणून तो गेला. रागावला नाही. रागावला असता तर तिला बरे वाटले असते.

संध्याकाळी त्याने साचा फोडला. माती झाडली, कानशीने कडा साफ केल्या, घासून उजळले. नंदिता न बोलावता जाऊन उभी राहिली. ढालीच्या आकाराचा तो तुकडा त्याच्या तळव्यावर होता आणि एकेक अक्षर नुकते जागे झाल्यासारखे दिसत होते. तिला सलले ते हेच. ते वाईट झाले असते, एखादे अक्षर बसके आले असते, तर तिने त्याला धीर दिला असता.

तिने बॅज उलटा केला. पाठ कोरी होती.

"मागें नाव?"

"हेमंत म्हणाला नको. रॅलीआधी परीक्षक बॅज काढून बघतात. मागें दुसरें नाव दिसलें तर गुण जातात."

"दुसरें नाव," ती म्हणाली.

सेतूने बॅज परत घेतला. तेव्हा तिला त्याच्या बोटातली अंगठी दिसली. लग्नात तिच्या वडिलांनी आपल्या हाताने घातलेली. वेढ्याची एक बाजू उंदराने कुरतडावी तशी सपाट झाली होती. कानशीची रेघ अजून ताजी होती.

"सोनें पडलें म्हणायचें," ती म्हणाली.

"हो," सेतू म्हणाला. "पडलं."

बॅज बसवायला हेमंत आला. गाडीला फिकट निळा रंग चढला होता, पुढे जादा दिवे, दारावर पांढरे गोल. नाकावर ट्रायम्फ. गल्लीतली माणसे जमली. चोळपुरम्‌च्या भातगिरणीचा जुना राखणदार मुद्दाम सायकलवरून बघायला आला आणि ही ती नव्हेच म्हणाला. हेमंतने सेतूच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. काढला नंदिताने, कारण मोबाइल तिच्याच हातात होता.

"अजून चार गाड्या आहेत शेडमध्ये," हेमंत तिला म्हणाला. "दोनच महिन्यांसाठी पाठवा ह्याला, वहिनी. राहायची सोय आहे."

सेतू जमिनीकडे बघत होता. आधीच हो म्हणून झाले आहे, हे तिला त्याच्या मानेवरून कळले.

अप्पाजी आत गेले. तिने त्यांच्याकडे बघितले नाही.

"जा," ती म्हणाली. अडवले असते तर तो राहिला असता. बरणीही वर ठेवली असती. पण मग राहिलेल्या सेतूचे तोंड तिला रोज बघावे लागले असते.

गाडी ट्रकवर चढली, तिच्यावर ताडपत्री आली, आणि सेतू पुढे चालकाशेजारी बसला. शरण्या आईच्या कडेवरून हात हलवत होती. ट्रक गल्लीच्या टोकाला गेला आणि थांबला. दार उघडले. सेतूने खाली उडी मारली.

"आले," शरण्या म्हणाली.

नंदिताने पदराला हात पुसले आणि ती दोन पावले पुढे झाली.

सेतू ट्रकच्या मागच्या बाजूला गेला. गाडीच्या नाकावरची ताडपत्री सरकली होती. ती त्याने खाली ओढली, दोरी आवळली, आणि झोपलेल्या पोराला थोपटावे तसे वरून दोनदा थोपटले. मग तो पुन्हा वर चढला.

दोन महिने कधीच होऊन गेले. गाडी घाटातल्या रॅलीत धावली. एका मासिकाच्या पानावर फोटो आला, खाली हेमंतचे नाव आणि 'ट्रायम्फ हेराल्ड' एवढेच. सेतू पैसे पाठवतो, फोन करतो, शरण्याला गोष्ट सांगतो. अलीकडे बोलता बोलता खोकतो. विचारले तर म्हणतो, धूळ आहे, काळजी करू नकोस. इकडे तो भट्टीशी बसताना त्याच्या तोंडाला ओले फडके ती बांधायची. तिकडे कोण बांधत असेल, आणि बांधत असेल तर का, हे दोन्ही विचार तिला सारखेच जाळतात.

पुण्यात नंदिताचे ओळखीचे कुणी नाही. तुम्ही तिथले असाल म्हणून ती हे तुमच्याकडे मागते. चांदणी चौक सोडून भूगावच्या रस्त्याला लागलात की डाव्या हाताला पत्र्याची एक मोठी शेड आहे, बाहेर जुन्या गाड्यांचे सांगाडे. आत मागच्या बाजूला एकजण मेणात अक्षरे कोरत बसलेला असेल. त्याच्याशी बोलायला काहीही निमित्त काढा. खोकला कोरडा आहे की छातीतला, तेवढे ऐका. जेवतो का, बघा. नंदिताने पाठवले असे सांगू नका. आणि तो फार सुखात दिसला, तर ते तिला कळवायची घाई करू नका.