रत्नाबाईंची घाई

मित्रांनो, मला स्वतःचं असं गाणं येत नाही. ऐकलेलं पोटात ठेवायचं आणि बटण दाबलं की परत म्हणायचं, एवढंच मला ठाऊक. मी बंगळुरातल्या चामराजपेटेतला एक जुना टेपरेकॉर्डर.

चाळीस वर्षांपूर्वी विठोजींनी मला घरी आणलं. खाली त्यांचं शिवणकामाचं दुकान, वर घर. मला खिडकीत ठेवून त्यांनी सहज लाल बटण दाबलं. त्यांची बायको, रत्नाबाई, खाली रस्त्यावर भाजी घेत होत्या. वर बघून त्यांनी आपल्या कानडीमिश्रित मराठीत हाक मारली, "अहो, पिशवी टाका ना खाली! स्वल्प लौकर!" आणि हसल्या. त्यांची हाक, रिक्षा, दुकानातली शिलाई मशीन, सगळं मी टिपून घेतलं.

पुढे माझ्यावर भजनं वाजली, सिनेमाची गाणी वाजली. शेजारीपाजारी मला ऐकायला यायचे, तेव्हा माझा रुबाब काय विचारता! मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. रत्नाबाई देवाघरी गेल्या. त्यांचा आवाज तेवढा माझ्या पोटातल्या कॅसेटमध्ये राहिला, पण तो ऐकायचा धीर विठोजींना होईना.

परवा परवा त्यांच्या नातीनं, सौम्यानं, मला खाली काढलं. ती सॅक्सोफोन वाजवते. तिचा मित्र, जयनगरचा अभिराज, कॉम्प्युटरवर संगीत रचतो. शहरातले आवाज गोळा करून त्यांवर जॅझ बांधायचं, असा त्यांचा बँड. मेट्रोची दारं, तव्यावर खरखरणारं डोशाचं उलथणं, त्यांना काहीही चालतं. सौम्यानं माझं बटण दाबलं. जाड, संथ आवाज आला, "अ...हो... पि...श...वी..." मागोमाग बस कण्हल्यासारखं काहीतरी.

अभिराजनं डोळेच मिटले. "काय शांत शहर असेल ग तेव्हा! सगळं स्वप्नात चाललेलं."

खरं सांगतो, माझा आतला रबरी बेल्ट सैल पडला होता, म्हणून मी हळू फिरत होतो. मला ते कळत होतं. पण इतक्या वर्षांनी कौतुक वाट्याला आलेलं, आपलं ठेवावं झाकून म्हणून मी गप्प बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या आवाजावर त्यांनी गाणं रचलं. दुपारच्या डुलकीसारखं गोड, तरंगणारं. बँडच्या कार्यक्रमाला चार दिवस होते, तेव्हा सौम्यानं ते विठोजींना ऐकवलं. ते हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण ही बाई कोण?"

"अज्जा, आजी आहे ना ती!"

"नव्हे ग. तुझी आजी अशी कधी रेंगाळली नाही. तिला वेळ कुठला?" आणि ते उठून आत गेले.

सौम्याचा चेहरा पडला. तशीच ती मला उचलून कल्लाप्पाच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. अभिराजही मागोमाग आला. कल्लाप्पानं माझं पोट उघडलं नि हसला. "बेल्ट गेलाय, अक्का. स्वल्प बसा." नवा बेल्ट चढला, मी फिरलो, आणि रत्नाबाई बोलल्या. पातळ, चटपटीत, खट्याळ आवाज. ते बसचं कण्हणं नव्हतंच, ते त्यांचं हसू होतं.

अभिराजनं कपाळाला हात लावला. "सूर चढला, ताल पळाला. आपलं सगळं गाणं संथ आवाजावर उभं आहे!"

"सरी, ठीक आहे," सौम्या म्हणाली, "मग आपणही पळू."

चार दिवस तिनं बोटं दुखेपर्यंत नव्या सुरात सराव केला. राजाजीनगरच्या छोट्या सभागृहात विठोजी पहिल्या रांगेत बसले होते. सॅक्सोफोन दाटून आला, दिवे मंद झाले, कॉम्प्युटरमधून आजचं बंगळूर लांबून वाहत आलं, आणि सौम्यानं मंचावर माझं बटण दाबलं.

"अहो, पिशवी टाका ना खाली! स्वल्प लौकर!"

"टाकतो, टाकतो!" म्हणत विठोजी खुर्चीतून उठलेसुद्धा. त्यांचा हात शेजारी पिशवी शोधत होता. मग ते खाली बसले आणि रडता रडता हसू लागले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राचं कौतुक जरूर करा, पण आधी त्याला एकदा उघडून बघा. धूळ पुसा, बेल्ट बदला. नाहीतर आमच्या सुस्तीलाच तुम्ही तुमच्या माणसांचा आवाज समजाल.

मी आता पुन्हा खिडकीत असतो. रोज सकाळी विठोजी माझं बटण दाबतात. त्याआधी पिशवी हाताशी घेऊन बसतात.