शिंप्याच्या बहिणीचे पान

मित्रांनो, मी एक जुनी साठा-नोंदवही आहे. कथा-कादंबरीशी माझे काडीचेही नाते नव्हते. बांधणीच्या कारखान्यात माझी चारशे पाने दोऱ्याने शिवली गेली, पाठीला जाड कापड चिकटले आणि प्रत्येक पानावर तीन रकाने छापले गेले. आवक, जावक, शिल्लक. एखाद्या गोदामात जायचे, किती खिळे आले, किती गेले, किती उरले एवढे सांगायचे आणि वय झाले की रद्दीत पडायचे, असे माझे साधे नशीब होते. माणसांच्या भानगडीत पडायचे मला काही कारण नव्हते.

पण ज्या गोदामात मी गेले, तिथे माझ्या पहिल्या पानावर ‘वायसर, मध्यम’ एवढे लिहून होते न होते तोच संगणक आला. आम्हा कोऱ्या वह्यांचा ढीग कोपऱ्यात धूळ खात पडला. गोदामाचा कारकून नियमाचा माणूस. त्याने साहेबांची रीतसर सही घेतली आणि मला काखोटीला मारून घरी नेले. घरी त्याला सगळे दादा म्हणत. सगळे म्हणजे एक धाकटी बहीण. आई-वडील गेलेले, घरात ही दोघेच. तिला तो छोटी म्हणे. मी आले तेव्हा छोटी चौतीस वर्षांची होती आणि तिच्या कानामागे पांढरे केस दिसू लागले होते.

दादाला कादंबरी लिहायची होती. तो म्हणे, कादंबरी पडते ती पात्रे कच्ची असतात म्हणून. आधी माणसे पक्की करावीत, मग ती आपल्या पायांनी चालू लागतात. खोटे कशाला बोलू, मला हे पटले. शिवाय माझे रकाने त्याला फार सोयीचे पडले. प्रत्येक पात्राला एक पान. आवक म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यात काय काय आले, जावक म्हणजे काय गेले, आणि शिल्लक म्हणजे सगळे होऊन त्याच्याजवळ काय राहिले. पहिला आला घड्याळजी. आवक: वडिलांचे दुकान. जावक: डाव्या हाताचा अंगठा. शिल्लक: सगळीकडे अर्धा तास आधी पोचण्याची खोड. वायसर मोजण्यासाठी जन्मलेली मी, मला एकदम मोठे झाल्यासारखे वाटले.

रविवारी शेजारचे निवृत्त मास्तर येत. दादा त्यांना एकेक पान वाचून दाखवी. मास्तर मान डोलावत म्हणत, “वा! हा माणूस मला भेटलाय.” कौतुक कोणाला नको असते? मीही फुगले. पण पोटात पाने असणाऱ्याला काही दिसायचे राहत नाही. गोदामाचे साहेब माझ्यात तीन वेळा खलनायक होऊन आले, दर वेळी फक्त मिशी बदलून. मास्तर स्वतः एका पानावर तोंडपुज्या पाहुणा झाले होते. ते पान दादा त्यांच्यासमोर उलटून पुढे जाई.

आता दादाची खरी युक्ती सांगते. नुसत्या विचाराने पात्र पक्के होत नाही, त्याला प्रश्न विचारावे लागतात, असे त्याचे मत. आणि प्रश्न विचारायचे तर समोर कोणीतरी हवे. म्हणून तो छोटीला स्टुलावर बसवी.

“आज कोण आहे मी?” पदराला हात पुसत ती विचारी.

“आज तू दवाखान्यातली परिचारिका.”

“जेवलेली की उपाशी?”

“त्यानं काय फरक पडतो?”

“उपाशी बाई खरं बोलते, दादा. जेवलेली सांभाळून बोलते.”

दादा हसे आणि हे वाक्य लगेच माझ्यात उतरवी. छोटी होतीच तशी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे तिचे काम. दिवसभर लोकांचे डोळे पाहून तिला माणसे वाचता येत. परिचारिका झाली की तिचा आवाज थकायचा, पहारेकरी झाली की ती पाय पसरून बसायची. प्रश्न दादाचे, उत्तरे तिची. माझी पाने अशी भरत गेली.

मित्रांनो, इथे एक मागची गोष्ट सांगायला हवी. मी घरात आले त्याच वर्षी छोटीला परगावी एका मोठ्या दुकानात काम मिळत होते. राहायला खोलीही बघून ठेवली होती तिने. दादा तेव्हा म्हणाला, “एवढी कादंबरी होऊ दे. सहा महिने. तू गेलीस तर माझी पात्रं मुकी होतील.” ती थांबली. सहा महिन्यांत अकरा पात्रे झाली, वर्षात अठरा. सात वर्षांत तीस. नमनालाच घडाभर तेल गेले, आणि कादंबरीची पहिली ओळ काही उजाडली नाही. पात्रे तयार नाहीत तोवर लिहायचे नाही, आणि लिहून होत नाही तोवर तिने जायचे नाही.

मग एका बुधवारी छोटी दुकानातून आली ती चेहरा उजळूनच. चष्मेवाल्या काकांनी दुसऱ्या गावात शाखा काढायचे ठरवले होते आणि ती छोटीच्या हाती द्यायची होती. वर राहायची खोली, दारावर तिच्या नावाची पाटी. सोमवारपर्यंत उत्तर हवे.

“बघू,” दादा म्हणाला. “एवढी शिंप्याची बहीण पक्की झाली की बसतोच लिहायला. शेवटचं पात्र आहे.”

रविवारी दुपारी त्याने मला उघडले, वर ‘शिंप्याची बहीण’ असे लिहिले आणि छोटीला बोलावले. ती हात न पुसताच आली.

“तू भावाच्या घरी राहतेस,” दादा म्हणाला. “सुखात आहेस?”

“भावानं शिवलेले कपडे मापात बसतात. मी त्यानं बेतलेलीच आहे.”

“छान. तुला कुठं जावंसं वाटतं?”

“वाटतं. सकाळी उठून स्वतःचं दार स्वतः उघडावं, एवढंच वाटतं. दाराबाहेर काय असेल त्याचं मला काही नाही.”

दादाची लेखणी पळत होती. त्याची शाई इतकी जोरात उमटत होती की मागच्या पानावर वळ उठले.

“मग जात का नाहीस?”

“भाऊ म्हणतो, थांब. तो वाईट नाही. त्यानं मला कधी हात धरून अडवलं नाही. तो फक्त म्हणतो की थोडंच राहिलंय. सात वर्षं थोडंच राहिलंय.”

दादाने डोळे पुसले. खरेच पुसले, त्यातला एक थेंब माझ्यावर पडला. छोटी त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने आवाज बदलला. तो शिंप्याच्या बहिणीचा आवाज नव्हता, मी सात वर्षे घरात ऐकत आले होते तो छोटीचा स्वतःचा होता.

“दादा, हे मी विचारतेय. ती नाही. मी जाऊ का?”

दादाने मान वर केली नाही. “हां, हाच सूर,” तो म्हणाला. “याच सुरात राहा.”

मग दादाने शेवटचा रकाना भरला. शिल्लक: समजूतदारपणा.

“पण ती जाणार नाही,” तो मला मिटत म्हणाला. “तिच्या स्वभावात बसत नाही.”

संध्याकाळी छोटीने पुन्हा विषय काढला, भाजी निवडता निवडता, सरळ शब्दांत. दादाला वाईट वाटले. “अगं, मी कुठं अडवतोय? जा की. फक्त उद्यापासून लिहायला बसतोय. पात्रं संपली. चार महिने, फार तर. एवढं थांबलीस, आता काठावर येऊन का उडी मारतेस?”

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन तो खरोखर लिहायला बसला. नवे कागद, नवी शाई. पहिली ओळ लिहून त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली. त्या वेळी छोटी दारात उभी होती, दुकानातून नुकतीच आलेली. काकांना ती चार महिने थांबता का म्हणून विचारून आली होती. काका भले माणूस, पण शाखेचे दार पुढच्या महिन्यात उघडायचे होते. त्यांनी ती जागा दुकानातल्या दुसऱ्या बाईंना दिली. छोटीने घरी यातले काही सांगितले नाही, मलाही ते फार उशिरा कळले. “चांगली आहे ओळ,” एवढेच म्हणाली.

चार महिने कुठले. अकरा पाने झाली आणि गाडे रुतले. दादा म्हणू लागला, माणसे हलत नाहीत, पात्रांत कुठेतरी कच्चेपणा आहे.

तो कामावर गेल्यावर छोटीने एकदा मला उघडले. सात वर्षांत पहिल्यांदा. काय अडले आहे ते तिला पाहायचे असेल. ती पहिल्या पानापासून वाचत गेली आणि हळूहळू तिचे बोट ओळींवर थांबू लागले. तिचे मोडलेले लग्न परिचारिकेला मिळाले होते. लहानपणचा तिचा ताप पहारेकऱ्याच्या मुलीला आला होता. दुकानात एका आंधळ्या म्हाताऱ्याला चष्मा विकायला तिने नकार दिला होता, तो पोस्टमनच्या चांगुलपणात जमा होता. जावक सगळी तिची आणि आवक एकतीस जणांची. तिच्या नावाचे पान मात्र कुठेच नव्हते. ते असायचे कारणही नव्हते, कारण दादा नसलेलीच माणसे घडवत होता. तिने मला मिटले आणि होते तिथे ठेवले. फाडले असते तरी मी कुरकुर केली नसती.

पुढच्या रविवारी दादाने नेहमीसारखी हाक मारली. “ये गं, बस. शिंप्याची बहीण पुन्हा घेऊ.”

ती येऊन बसली.

“भावाबद्दल तुला काय वाटतं?”

“माहीत नाही.”

“रात्री झोप लागते?”

“माहीत नाही.”

“अगं, नीट बोल की. बरं नाहीये का?”

“मी बरी आहे, दादा. तिचं मला काही माहीत नाही.”

त्याने आणखी सहा-सात प्रश्न विचारले. ती तेवढेच म्हणत राहिली. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. शेवटी तो वैतागला आणि त्याने त्या पानावर तिरकी रेघ मारली. खाली लिहिले: पात्र बोलत नाही. टाकून द्यावे.

त्यानंतर मला कोणी उघडलेले नाही. मी कपाटावर आहे. छोटी रोज सकाळी त्याच दुकानात जाते आणि काचा घासते. घरात लागेल तेवढे बोलते. मास्तर आले की दादा उसासा टाकून सांगतो, “हल्ली सुचत नाही. घरात तसं वातावरणच राहिलं नाही.” मास्तर मान डोलावतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला हात जोडून सांगतात की आम्हाला जपा. मी ते सांगणार नाही. मला खुशाल रद्दीत टाका, मी त्याच लायकीची आहे, कारण मी सगळे टिपून घेतले आणि एकदाही गप्प बसून ऐकले नाही. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी कादंबरी लिहील. त्याने पात्रे जरूर पक्की करावीत. पण घरातले कोणी समोर बसून बोलू लागले, तर आधी लेखणी खाली ठेवा आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघा. एवढे केले तर कदाचित तुमची कादंबरी होणार नाही. न होऊ दे. कादंबरी न झाल्याने आजवर कोणाचे काही अडलेले मी पाहिले नाही.