जाळीतला शिकरा

शिकऱ्यानं मुनियेचा पंख जाळीतून बाहेर ओढला, तेव्हा वेल्डर मागच्या अंगणात भिंतीला आरसा टेकवून दाढी करत होता. अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून तो हातोडी घेऊन धावला.

ती जाळी त्यानंच बसवली होती. मुलगी सासरहून एका पिशवीनिशी आली, तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नुसती बसून असायची. धड जेवत नव्हती, धड बोलत नव्हती. गोड बोलून धीर देणं बापाच्या रक्तात नव्हतं. त्याला जमायचं ते लोखंड. म्हणून त्यानं भंगारातल्या डब्याच्या झाकणाची ताटली केली, अंगणात पाइपावर उभी केली आणि तीत बाजरी टाकली. चिमण्या आल्या, मुनिया आल्या, आणि दोन दिवसांनी मुलगी आपणहून उठून दाणे टाकायला गेली. त्या दिवशी म्हाताऱ्याला घास गोड लागला.

मग शिकरा आला. पहिली चिमणी त्यानं मुलीच्या डोळ्यांदेखत उचलली आणि कुंपणावर बसून जिवंतपणीच सोलायला घेतली. पिसं खिडकीपर्यंत उडत आली. वेल्डरचं पित्त खवळलं. त्यानं ताटलीला चारही बाजूंनी जाळी ठोकली, चिमणी शिरेल एवढं एकच दार ठेवलं आणि स्वतःवरच खूश झाला. झालं भलतंच. शिकरा जाळीवर आदळला की आतली पाखरं एकमेकांना तुडवत सगळीकडे जायची, फक्त दाराकडे नाही. आणि जो पाय, जो पंख जाळीबाहेर येई तो शिकऱ्याचा. आधी तो एक पाखरू उचलून न्यायचा, आता बाहेर बसून तुकडे तोडू लागला. पाखरांना आगीतून फुफाट्यात घातलं होतं, पण घालणाऱ्याला ते कबूल करवत नव्हतं.

"होईल सवय त्यांना," तो म्हणायचा.

जावयाबद्दलही त्याचं असंच काहीसं चाललं होतं. जावई कापडदुकानातला, बोलायला मऊ. फोनवर म्हणाला होता, "एकदाच हात उठला, बाबा. रागाच्या भरात. पुन्हा नाही." मुलीला विचारलं, तर तीही खाली बघत म्हणाली, "झालं एकदा." वेल्डरनं ते 'एकदा' घट्ट धरून ठेवलं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, असं तिला समजावलं आणि त्याहून जास्त स्वतःला. आज दुपारी जावई तिला न्यायला येणार होता. तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

आणि आता शिकऱ्याचं नख जाळीत अडकलं होतं. मुनियेचा पंख मुळापासून उपटला होता, ताटलीतले दाणे रक्तानं चिकट झाले होते, आणि शिकरा जाळीला उलटा लोंबकळून फडफडत होता.

"सापडलास लेका!"

पहिला घाव जाळीवर बसला, चौकट वाकली. दुसऱ्यासाठी त्यानं हातोडी डोक्यामागे नेली.

"बाबा, नको!"

मुलगी धावत आली होती. वेल्डर हातोडी तशीच वर धरून, संतापलेल्या तोंडानं तिच्याकडे वळला. बाजूला हो, एवढंच तो म्हणणार होता.

तिनं मान फिरवली. डावा हात कोपरात मोडून कानावर गेला, हनुवटी खांद्यात रुतली, गुडघे किंचित वाकले. ती ओरडली नाही. डोळे मिटून वाट बघत उभी राहिली.

हातोडी वरच राहिली.

त्याच्या धंद्यात मान बघून माणूस ओळखतात. वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिला, की रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. चांगला धडधाकट गडी भिंतीवर डोकं आपटतो. म्हणून रॉड टेकवायच्या आधी "डोळे!" अशी हाक द्यायची, हा त्याच्या शेडचा नियम. तो नियम त्यानं जन्मात मोडला नव्हता. नवा माणूस हाक ऐकून दचकतो, मग वळतो. जुना माणूस हाकेच्या आधीच वळलेला असतो आणि त्याचं त्यालाही कळत नाही. मुलगी त्या शेडमध्येच रांगायला शिकली होती. मान फिरवायला तिला त्यानंच शिकवलं होतं.

हात कानावर न्यायला त्यानं शिकवलं नव्हतं. आणि एकदा मार खाऊन हात इतक्या सराईतपणे जात नाही, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"पोरी," तो म्हणाला. "अगं, मी त्या शिकऱ्यासाठी उचलली होती."

तिनं डोळे उघडले. हात कुठे जाऊन बसलाय हे ध्यानात आलं, तसा तिनं तो घाईघाईनं पाठीमागे लपवला.

"माहीत आहे, बाबा. हे तुमच्यासाठी नव्हतं."

"मग एकदाच असं का म्हणालीस?"

"तुम्हाला तेवढंच ऐकायचं होतं."

वेल्डरनं हातोडी टाकली आणि पक्कड आणली. एकेक तार तोडत तो शिकऱ्याच्या पायापर्यंत पोचला. सुटता सुटता शिकऱ्यानं त्याच्या तळहातात नखं पार आत घातली. त्यानं हात मागे घेतला नाही. पक्षी उडाला, आतली पाखरं वाट फुटेल तिकडे गेली. मग त्यानं चौकट पाइपावरून उपटली आणि भिंतीवर आपटली, पुन्हा आपटली, तिचा पार चोळामोळा होईपर्यंत आपटत राहिला. मुलगी या वेळी हललीसुद्धा नाही. शेवटी तिनं पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

दुपारी जावई आला. नवा शर्ट, हातात फळं. फाटक बंद होतं, आणि फाटकाच्या आत सासरा उकिडवा बसला होता. तळहाताला रक्ताळलेलं फडकं, डोक्यावर वर सरकवलेला वेल्डिंगचा मुखवटा, हातात रॉड.

"अर्धीच दाढी, बाबा? कुणावर रुसलात?" जावई हसला. "आणि हे काय चाललंय?"

"फाटक पक्कं करतोय."

"मला आत तर घ्या आधी! ती तयार आहे ना?"

वेल्डरनं कडी फाटकाच्या खांबाला लावून नीट जुळवली. जावयाला गंमत वाटली. शेडमध्ये त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. फाटकावर हात टेकून तो पुढे वाकला.

"इथे जोडणार? बघू तरी."

"बघा ना, जावईबापू. चांगलं जवळून बघा."

वेल्डरनं एकदा घराकडे पाहिलं. मुलगी खिडकीत उभी होती. तिनं रॉड पाहिला, नवऱ्याचा वाकलेला चेहरा पाहिला, आणि सावकाश पाठ फिरवली.

त्यानं मुखवटा खाली ओढला आणि हाक न देता रॉड टेकवला.