धाकटीचं दार

नातीला आजीचं नाव द्यायची ग्रीक खेड्यातली रीत, म्हणून दोघी एकाच आजीच्या नावाच्या. सख्ख्या भावांच्या लेकी, दोघीही पोलिक्सेनी, अकरा दिवसांच्या अंतरानं जन्मलेल्या आणि आता गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या. गावानं सोय म्हणून एकीला थोरली केलं, दुसरीला धाकटी. अकरा दिवसांची कसली आलीय थोरली! पण तेवढाच एक मान पदरात पडला होता, तो ती सोडते कशाला?

तेवीस सप्टेंबर हा संत पोलिक्सेनीचा दिवस. ज्या संताचं नाव, त्याचा दिवस तोच आपला सण, म्हणजे दोघींचाही. या दिवशी बोलावणं कुणालाच करायचं नसतं. दार उघडं ठेवायचं, ओसरीवर दिवा लावायचा. ज्याला तुमची किंमत तो आपणहून येतो. इथंच सगळी गोम होती. तीस वर्षं गाव आधी धाकटीकडे जायचं, तिथं पोटभर खायचं, हसायचं आणि मग थोरलीकडे येऊन "नको गं, जागाच नाही पोटात" म्हणायचं. थोरली पडद्याआडून धाकटीच्या दारातली डोकी मोजायची आणि जळून खाक व्हायची.

यंदा तिनं बेकरीत पाव घेताघेता अर्गिरोला हळूच सांगितलं, "धाकटी काही दार उघडत नाही हो यंदा. दीर वारला ना तिचा, तिकडं मेलबर्नला. उगाच जाऊन तिला अवघडवू नका."

बेकरीवाल्या अर्गिरोच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी थोरलीकडे पाय ठेवायला जागा उरली नाही. पाद्रीबाबा आले, मास्तर आले. "खूप वर्षं जग, पोलिक्सेनी!" थोरली कोवळ्या अंजिरांचा मुरांबा चमचाचमचा वाटत फिरत होती. समोर धाकटीचा दिवा लागलेला होता; लोकांना वाटलं, दिराच्या नावाचा असेल. ती निळा झगा घालून दोनदा दारात आली, गल्ली न्याहाळून आत गेली. थोरलीच्या जिवाला गार वाटलं. बस म्हणावं आता माश्या मारत!

आठ वाजता धाकटी आपल्या मुरांब्याचा वाडगा घेऊन थेट आत आली.

"खूप वर्षं जग, थोरले! तीस वर्षांत तुझ्या दिवसाला कधी यायला जमलं नाही बघ. आपलं घर उघडं टाकून यायचं कसं? यंदा कुणीच फिरकलं नाही, म्हटलं, चला, सुटले!"

"अगं, पण तुझ्याकडे दुखवटा ना?" अर्गिरो म्हणाली. "आम्हाला तर..." आणि तिची नजर थोरलीवर गेली.

थोरली घाईघाईनं ट्रे घेऊन मास्तरांकडे वळली. धाकटीनं आधी अर्गिरोकडे पाहिलं, मग थोरलीकडे. तिला सगळं उमगलं.

"हो, मीच बोलले होते हिला, यंदा नको वाटतंय म्हणून. मग सकाळी मन फिरलं. हिला सांगायचंच राहिलं."

"मग चला की तिकडं!" मास्तर उठले. खुर्च्या सरकल्या. धाकटीनं आपल्या वाडग्यातला चमचाभर मुरांबा थोरलीच्या तोंडापुढं धरला. नाही कसं म्हणणार? खाल्ला. मेला, तोही आपल्यापेक्षा सरस! सगळ्या गावादेखत आपली अब्रूही हिनंच वाचवायची? हेही हिनंच जिंकलं!

"तुझ्या हातांना आयुष्य लाभो," थोरली कशीबशी म्हणाली. कुणाच्या हातचं खाल्लं की असं म्हणायची रीतच ती.

घर रिकामं झालं. धाकटी उंबऱ्यावर थांबली आणि हळूच म्हणाली, "येतेस ना? का यंदाही पडद्याआडूनच मोजणार? घरातला दिवा तुझ्या मागं असतो, बाई. पडद्यावर सावली दिसते."

थोरलीनं ओसरीवरचा दिवा घालवला आणि निमूट सगळ्यांच्या मागं चालू लागली. सवयीनं तिनं पुढची डोकी मोजली. सत्तावीस. तिला धरून अठ्ठावीस.