गोणीचा टाका

आईला ते संग्रहालय बघायचं होतं आणि मला झोपायचं होतं. चार दिवस बंदराबाहेरच्या रांगेत ट्रेलर घेऊन बसलो होतो, कंबरेचे तुकडे पडले होते, आणि सुट्टीच्या पहिल्याच सकाळी आई उशाशी येऊन बसली.

"शिवा, ऊठ. त्या बाईच्या बंगल्यात तिचं समदं मांडून ठेवलंय म्हनं. जाऊन येव."

ती बाई म्हणजे हेमांगिनी, सिनेमातली. माझ्या जन्माच्याही आधी तिच्या एका सिनेमाचं शूटिंग आमच्या मिठागरात अकरा दिवस चाललं होतं. ते लोक निघून गेले आणि आमच्या घरात भांडण ठेवून गेले.

आईचं म्हणणं असं. बाईला लुगडं नीट नेसता येईना, म्हणून ती पहिल्याच दिवशी खाऱ्या पाण्यात आपटली. आई तिथं कामाला होती, नवी नवरी. ती धावत घरी गेली आणि पेटीतलं हिरवं लुगडं घेऊन आली. लुगडं आजीचं, हळदीचं, सुनेच्या अंगावर घातलेलं. आईनं ते बाईला गुडघ्यावर कासोटा मारून नेसवलं. ते उघाडीच्या, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या दाराच्या, फळीला अडकून वीतभर फाटलं, तेव्हा आईनं दाभण आणि सुतळी घेऊन तिथंच शिवलं, मिठाच्या गोण्या शिवतात तसं. दर चौथ्या टाक्याला गाठ, म्हणजे सुतळी एका जागी तुटली तरी पुढची उसवत नाही. तिला तोच एक टाका येत होता. एकदा चित्रात आलेलं लुगडं शेवटपर्यंत लागतं, म्हणून ते लोक लुगडं घेऊन गेले. बाईनं परत पाठवायचा शब्द दिला होता.

येसूआत्याचं म्हणणं असं, की वेणूनं, म्हणजे आईनं, लुगडं विकलं आणि पैसे माहेरी भावाला दिले. आत्या बाबांची मोठी बहीण, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आलेली. ते लुगडं आपल्याला मिळेल असं तिला वाटत होतं, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांनी आईवर हात उचलला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त तांदळाच्या पेटाऱ्याची चावी तिच्या कमरेची काढून आत्याकडे दिली. पुढं जन्मभर आई शिजवायला तांदूळ मागून घ्यायची. बाबा गेले तेव्हाही चावी आत्याकडेच होती.

आणि मी? आई ही गोष्ट सांगायला लागली की मी टीव्हीचा आवाज मोठा करायचो. खोटं बोलतेस असं तोंडावर कधी म्हटलं नाही. खरं आहे असंही कधी म्हटलं नाही. त्या दिवशी निघालो तेही एवढ्यासाठीच, की तिथं काही नसणार, आणि मग तरी हा विषय संपेल.

पेणला एसटी बदलली, अलिबागला पुन्हा बदलली, शेवटी रिक्षा केली. सोनतळं गाव तळ्याच्या कडेनं वसलंय, म्हणजे एके काळी वसलं असावं. आता निम्म्या तळ्यात जलपर्णी आणि उरलेल्यात पायडलच्या बोटी. एक बोट बदकाच्या आकाराची होती, तिची चोच तुटलेली. आईचे पाय सुजले होते. मी तीनदा म्हटलं, चहा घे, बस जरा. तिनं तीनदा मान हलवली.

बंगल्यात प्रणाली नावाची मुलगी माहिती सांगायला होती. तिचा घसा बसला होता. बाईंचे चष्मे, बाईंची बाहुल्यांची आवड, बाईंची गाडी. आई कशाकडेही न बघता चालत राहिली आणि तिसऱ्या खोलीत एका काचेपुढं थांबली.

आत पुतळा होता. त्याला फिकट हिरवं लुगडं नेसवलेलं, अगदी पावलापर्यंत.

"ह्यो काय नेसवलाय! पायघोल. अशी मिठागरात उतरली तं पयल्याच पावलाला पडंल. पडलीच व्हती."

"आजी, काचेला हात नको," प्रणाली म्हणाली.

"शिवा, मागल्या अंगाला जा. डावीकडं. खालती बघ."

मी कंटाळून मागं गेलो. गुडघ्यांना शिव्या देत वाकलो. काठापासून वर वीतभर सुतळीची शिवण होती. मी टाके मोजले. तीन साधे, चौथ्याला गाठ. तीन साधे, चौथ्याला गाठ.

माझं शाळेचं दप्तर असंच शिवलेलं होतं. पोरं मला गोणी म्हणायची. माझ्या ट्रेलरच्या सीटचं कव्हर आजही असंच शिवलेलं आहे, चार दिवस मी त्याच्यावरच बसून होतो.

शेजारी पाटी होती. मी ती मनात वाचली. मग आईला वाचता येत नाही हे आठवून मोठ्यानं वाचली. "कष्टकरी स्त्रीचे जीवन जिवंत करण्यासाठी वेशभूषाकाराने मुद्दाम केलेली ही ओबडधोबड शिवण त्यांच्या सूक्ष्म दृष्टीची साक्ष देते."

"म्हंजे काय?" आईनं विचारलं.

"म्हणजे टाका चांगला आहे म्हणतायत," मी म्हणालो. मला लाज वाटत होती, बाबांची, आत्याची, सगळ्यात जास्त माझी. "आये, हे तुझंच लुगडं आहे."

"मना काय सांगतोस?" आई म्हणाली.

मग मी प्रणालीवर उखडलो. पाटी बदला म्हणालो, आईचं नाव लिहा म्हणालो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "काका, वहीत अभिप्राय लिहा. इथं सगळ्यांचंच काही ना काही असतं. परवा एक जण गाडी त्यांची म्हणत होते."

मी मोबाईल काढला. "फोटो घेतो. आत्याच्या तोंडावर मारू."

"नको," आई म्हणाली. "दमले मी सांगून सांगून. आता न्हाय सांगायची. तू बघितलास ना? झाला."

बाहेर ती तळ्याच्या पायरीवर बसली, सुजलेले पाय पाण्यात सोडले आणि चहा मागितला. दोन कप प्यायली. परतीच्या एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेणपर्यंत झोपली. माझा खांदा अवघडला होता, पण मी हललो नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्या ओट्यावर बसलेली. नव्वदीला आली, पण कान शाबूत. पेटारा कधीच मोडीत गेला, घरात तांदूळ आता प्लास्टिकच्या डब्यात असतो. चावी मात्र अजून तिच्या कमरेला आहे.

"काय वेणू, मिलाला का लुगडा?"

आई आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

मी म्हणालो, "आहे, आत्या. काचेत ठेवलंय. गोणीचा टाका आहे त्याला. मी मोजला."

आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, कमरेची चावी हलली.

"तुला पन शिकवलान व्हय तिनं? फोटो दाव."

फोटो नव्हता. मी खूप दमलो होतो. तिच्या समोर ओट्यावर बसलो आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.