खिळ्यावरची पेटी

मंगळवारी सकाळी पावणेनऊला देवश्री बँकेत निघाली. निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायची तिची सवय होती. दाराला लागून, हात सहज पोचेल अशा उंचीवर एक लाल पेटी खिळ्याला टांगलेली असे आणि तिच्याखाली कोनाड्यात आग विझवायचं नळकांडं. त्यावरच्या दाब दाखवणाऱ्या छोट्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, एवढं तिने पाहिलं आणि चपला पायात सरकवल्या.

"आज किती पानं?" तिने विचारलं.

"अकरा. साताऱ्याचे यजमान आहेत," मुक्ताकाकू म्हणाल्या. "तू जल्दी निघ, नाहीतर चौकापर्यंत पायपीट करशील अन् वर ऑटो नाही मिळायचा." त्या आणखी काही बोलणार होत्या. ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी डबा पुढे केला. "भाजी जराशी तिखट झालीय. परेशान नको होऊस."

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत हे देवश्रीच्या सासऱ्यांचं, रत्नाकरपंतांचं घर. महाराष्ट्रातून काशीला श्राद्धकर्मासाठी येणारे लोक चार पिढ्या त्यांच्याकडेच उतरतात, घाटावर पिंडदान करतात आणि दुपारी इथे पानावर बसतात. पानावरचं सगळं सोवळ्यातलं. ते सोवळं पस्तीस वर्षं मुक्ताकाकूंनी सांभाळलं होतं. त्या रत्नाकरपंतांच्या धाकट्या भावाच्या पत्नी. नवरा गेला तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नाही, माहेरी परतायला माहेर नाही. श्राद्धाच्या दिवशी सकाळचा चहा-डबा झाला की स्वयंपाकघर धुवायचं, पुन्हा अंघोळ करायची, सोवळं नेसायचं, आणि पानं उठेपर्यंत कुणी त्यांना शिवायचं नाही. मुक्ताकाकूंना या घरात फार मान आहे, असं सगळे सांगत. तो मान स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी संपतो, हे मात्र कुणी सांगत नसे.

देवश्री मूळची इंदूरची. बँकेच्या शाखेत आगीच्या वेळची जबाबदारी तिच्याकडे होती, त्याचं रीतसर शिक्षण तिने घेतलं होतं. मोठमोठ्या कढयांत तेल उकळत असलेलं सासरचं स्वयंपाकघर पाहिलं की तिला एकच प्रश्न पडायचा. आग लागली तर या गल्लीत बंब कुठून शिरणार? आठ महिन्यांपूर्वी तिने पेटी आणि नळकांडं आणलं. पेटीत काचेच्या धाग्यांची, न जळणारी चादर होती. रत्नाकरपंतांनी आधी नाक मुरडलं. पण यजमानांना उतरवायचं तर घराची नोंदणी हवी होती, आणि नोंदणीच्या अर्जात आगीची साधनं कायम जागेवर आहेत असं लिहून द्यायचं होतं. तिथे देवश्रीने सही केली. त्या सहीवर घराची नोंदणी झाली.

पेटी दाराशी का आणि शेगडीच्या वर का नाही, हे तिने काकूंना समजावलं होतं: आगीवरून हात न्यावा लागू नये म्हणून. एका रविवारी दुपारी थंड कढई पुढे ठेवून दोघींनी सराव केला.

"तेल पेटलं. पाणी टाकायचं?"

"बिलकुल नाही. पाण्याने भडका उडतो."

"मग?"

"हात पोचत असेल तर गॅस बंद. मग पेटीच्या दोन पट्ट्या खाली ओढायच्या, चादरीच्या कडेत मुठी लपवायच्या, आपल्याकडून पलीकडे कढईवर अंथरायची. अन् निवेपर्यंत उचलून बघायचं नाही."

"आणि अंगावरचं पेटलं तर?"

"पळायचं नाही. तीच चादर गुंडाळून जमिनीवर लोळायचं."

मग काकूंनी स्वतःच पदर डोळ्यांवर बांधला. धुरात दिसणार नाही म्हणालीस ना, मग हातालाच ठाऊक हवं, म्हणाल्या. सात वेळा हात पेटीकडे नेला, सातही वेळा बरोबर. "या घरात येऊन मला कुणी स्वयंपाकाखेरीज काही शिकवलं असेल तर ते तूच," असं म्हणून त्या हसल्या. देवश्रीला ते हसणं फार आवडलं होतं.

त्या मंगळवारी साडेअकराला बँकेत आगीची कवायत होती. देवश्री शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना जिन्याने खाली उतरवत होती, लिफ्टकडे वळलेल्यांना दटावत होती. तिचा फोन टेबलाच्या खणात वाजत राहिला. परत येऊन तिने पाहिलं, तेव्हा विश्वेशचे चौदा कॉल येऊन गेले होते.

दवाखान्यात विश्वेश, तिचा नवरा, बाकावर बसला होता. शर्टाला धुराचा वास. रत्नाकरपंतांच्या डाव्या हाताला पट्टी बांधत होते. काकू आत होत्या. छाती, गळा, दोन्ही हात. किती टक्के भाजलं, त्याचा आकडा डॉक्टरांनी सांगितला.

"झालं कसं?"

"वड्यांचं तेल पेटलं," विश्वेश म्हणाला. "काकू खिरीकडे वळली होती."

"पेटी? पेटी नाही ओढली?"

"होती ना समोर. तिला सुचलंच नाही गं. घबराट झाली तिची."

तेवढ्यात पोलीस चौकीवरून दरोगा आला. त्याच्या हातात नोंदणीच्या अर्जाची प्रत होती. "मैडम, दस्तखत आपके हैं। सामान लगा हुआ था?"

देवश्रीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने होकारार्थी मान हलवली. बारा वर्षांच्या संसारात या माणसाचा शब्द तिने कधी तपासून घेतला नव्हता.

"लगा था," ती म्हणाली.

"फिर इस्तेमाल क्यों नहीं हुआ?"

"चाची घबरा गईं," विश्वेश म्हणाला, आणि दरोग्याने ते लिहून घेतलं. खाली देवश्रीची सही घेतली.

संध्याकाळी तिला आत सोडलं. काकूंचा चेहरा तेवढा बराचसा वाचला होता. "देवश्री," त्या म्हणाल्या, आवाज अगदी कोरडा, "हात बरोबर गेला होता गं. खिळ्यावरच गेला."

"हो काकू. बोलू नका आता."

"मी घाबरले नव्हते. एवढं ध्यानात ठेव." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "रागावू नकोस कुणाला."

देवश्रीला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी काकूंचे धुतलेले कपडे न्यायला ती घरी आली आणि स्वयंपाकघरात शिरली. चारी भिंती काजळीने काळ्या झाल्या होत्या. दाराशेजारच्या भिंतीवर पळी, झारा, किसणी ओळीने टांगलेली असत. कामवाल्या बाईने ती घासायला काढली होती. जिथे ती होती तिथे भिंत पांढरी राहिली होती: पळीच्या जागी पळीएवढी, झाऱ्याच्या जागी झाऱ्याएवढी. त्यांच्या पलीकडे पेटीचा खिळा. खिळ्याखालची भिंत एकसारखी काळी होती.

देवश्री तिथेच उभी राहिली. एवढी मोठी पेटी भिंतीला लागून असती, तर तिच्यामागे चौकोन पांढरा राहिला असता. किसणीमागे राहिला, पेटीमागे नाही. तिने खाली कोनाड्यात बोट फिरवलं. तिथेही काजळी. नळकांडंही नव्हतं.

तिने बैठकीतला पलंग ओढला. खाली लाल पेटी होती, शेजारी नळकांडं, दोन्ही स्वच्छ. पेटीच्या पट्ट्या जशाच्या तशा घडीत होत्या.

विश्वेश दारात आला होता. त्याने पलंग पाहिला आणि तो खाली बसला.

"कधीपासून?"

"बाबा म्हणाले की..."

"कधीपासून, विश्वेश?"

"पहिल्यापासूनच," तो म्हणाला. "रोज नाही. श्राद्ध असेल त्या दिवशी फक्त. तू गेलीस की मी काढायचो, पाचला परत लावायचो. कुठल्या कारखान्यात कुणाकुणाचे हात लागलेली वस्तू, सोवळ्यात कशी चालेल, म्हणाले. एकच दिवस तर असतो, म्हणाले."

"काकूंना माहीत होतं?"

"दोनदा म्हणाली ती, देवश्रीला सांगा म्हणून. बाबांनी गप्प केलं. घरात वाद नको म्हणाले. मलाही वाटलं, कशाला तुला दुखवायचं."

"काल तू कुठे होतास?"

"मी पेटी घेऊन धावलो गं. उंबरठ्यापर्यंत आलो. तिने आगीवरून हात घालून गॅस बंद केला होता, त्यात पदर पेटला होता. बाबा म्हणाले, थांब, तू ओवळ्यात आहेस, पानं वाढायची आहेत अजून. मी सोवळ्यात आहे, मी जातो. ते आत गेले, घागर उचलली आणि कढईवर ओतली. मग भडका उडाला."

"आणि तू?"

"मी उभा होतो."

"पेटी हातात घेऊन?"

देवश्रीला रडू आलं नाही, आला तो संताप. शिकवलेलं सगळं काकूंनी केलं होतं. गॅस बंद करायला आगीवरून हात घालायचा नव्हता, तो त्यांनी घातला, कारण सवयीने पेटीकडे गेलेला हात रिकामा परत आला होता. आणि त्याच काकू घाबरल्या, असं लिहिलेल्या कागदाखाली देवश्रीने स्वतः सही केली होती. आठ महिने घरातल्या माणसांनी तिला हातोहात फसवलं होतं, आणि शेवटी तिच्याच तोंडून काकूंवर खोटं घालून घेतलं होतं.

ती तशीच चौकीवर गेली. "पहिला जबाब चुकीचा आहे, मला दुसरा द्यायचाय," असं हिंदीत सांगितलं. दरोगा म्हणाला, घरचा मामला आहे, विचार करा, ससुर फसतील, पती फसतील, नोंदणी जाईल, तुमच्या सहीचंही तुम्हाला विचारतील. तिने सगळं लिहून दिलं. मग दवाखान्यात जाऊन काकूंच्या कानाशी वाकली. "काकू, तुम्ही घाबरला नव्हता, हे मी लिहून दिलंय." काकूंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं, एवढं तिला नक्की कळलं. पाचव्या दिवशी काकू गेल्या.

तेराव्याला नऊ ब्राह्मण बोलावले होते. भिंतींना चुना दिला होता. सकाळी देवश्रीने खिळ्यावर पेटी टांगली, कोनाड्यात नळकांडं ठेवलं आणि वड्यांचं पीठ भिजवायला घेतलं. घरात आता स्वयंपाकाला तीच होती.

रत्नाकरपंत उंबरठ्याशी आले. हाताची पट्टी अजून सुटली नव्हती. तेरा दिवसांत म्हातारे झाले होते. घागर ओतली ती वाचवण्यासाठीच, हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणंच तिला जड जात होतं.

"सूनबाई," ते हळू म्हणाले, "पोलिसांचं जे व्हायचं ते होवो. पण आजचा एक दिवस पेटी बाहेर असू दे. मुक्ताचंच तेरावं आहे. तिला तरी सोवळ्यातलं पान मिळू दे."

"मामंजी, त्या एकेका दिवसानेच काकू गेल्या. पेटी हलणार असेल तर मी गॅस पेटवणार नाही."

"ब्राह्मण उठून जातील."

"जाऊ देत. मीच सांगते त्यांना."

तिने हात धुतले आणि बैठकीत गेली. "आमच्या स्वयंपाकघरात आग विझवायची पेटी लावलेली आहे," ती म्हणाली. "दुकानदाराचा हात लागलेली आहे, मजुरांचा लागलेला आहे, माझा लागलेला आहे. ती काढून ठेवत होतो म्हणून मुक्ताकाकू जळून गेल्या. आज ती काढलेली नाही. ज्यांना चालेल त्यांनी बसावं."

सहा जण उठले. उरलेल्यांतले एक वृद्ध गुरुजी पाटावर सरकून बसले आणि म्हणाले, "वाढा, बाई. वेळ होतोय." रत्नाकरपंत भिंतीकडे तोंड करून उभे होते. थोड्या वेळाने तेही पाटावर येऊन बसले. विश्वेश वाढायला म्हणून उंबरठ्यापर्यंत आला आणि क्षणभर थबकला. देवश्रीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग तो शर्ट-पँटीत तसाच आत आला आणि त्याने वड्यांची परात उचलली.

चौकशी अजून चालू आहे. नोंदणी गेली, यजमान कमी झाले, गल्लीत देवश्रीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्या नावं ठेवणाऱ्यांपैकी दोन घरांत मात्र लाल पेट्या आल्या आहेत. एका घरी ती बैठकीत लावली आहे, पाहुण्यांना दिसावी म्हणून. ती पेटी पाहून आलेला माणूस समाधानाने घरी जातो. त्या घरची सून मात्र आत, दोन खोल्या पलीकडे, तेलापाशी उभी असते.

देवश्री अजूनही रोज पावणेनऊला निघते. "पेटी आहे ना जागेवर?" ती विचारते. "आहे," विश्वेश सांगतो, आणि आता ते खरं असतं. ती तरीही स्वयंपाकघराच्या दाराशी जाते, डोळे मिटते आणि काकू न्यायच्या तसा हात भिंतीकडे नेते. पेटी हाताला लागते, तेव्हाच ती घराबाहेर पडते.